वाळा, हिना आणि मधली पन्नास वर्षं

सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत अत्तर निवडायचं काम बहुतेक वेळा पंचांगच करी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाळा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिना. लग्नात गुलाब, पण तो बाराही महिने चाले.

चैत्रात आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि हाताच्या पाठीवर वाळ्याची ओली रेघ. वाळा थंड, याबद्दल कुणाला शंका नव्हती. खरं तर वाळ्याचं तेल चांगलं जड. ते सावकाश उडतं, तासन्‌तास टिकतं. युरोपातले अत्तरकार टिकाऊपणासाठीच ते मिश्रणाच्या तळाशी घालतात. मग थंडावा येतो कुठून? माझ्या मते माठातून. पाण्यात सोडलेली वाळ्याची जुडी आणि खिडकीला टांगून भिजवलेले पडदे ज्यांनी अनुभवले, त्यांच्या नाकाला हा वास म्हणजे गार पाणीच.

हिन्याचं प्रकरण वेगळं. जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी, वेलची, जायपत्री असा ऐवज कनौजच्या तांब्याच्या देगेत चढवायचा आणि त्याची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनतेलात उतरवायची. प्रमाण प्रत्येक घराण्याचं वेगळं, आणि गुप्त. गारठ्यात वास कमी उडतो, म्हणून पौष-माघात असं दणकट अत्तर शोभतं. शालीत, स्वेटरच्या लोकरीत ते मुरतं. मे महिन्यात हिना लावून लोकलमध्ये चढणाऱ्याला मात्र सहप्रवाशांनी माफ करू नये.

पुढे चंदन महागत गेलं आणि भपक्यात स्वस्त द्रव पॅराफिन आलं. फटका दोघांनाही बसला, पण हिन्याला जास्त. वाळ्याला स्वतःचं अंग आहे. हिन्याचं अंगच चंदनाचं. स्वस्त हिना सुरुवातीला मसालेदार दरवळतो आणि मग नुसता तेलकट उरतो. कर्नाटकाने 2001 मध्ये जमीनमालकांना त्यांच्या चंदनाची मालकी दिली, लागवडीही झाल्या. पण चंदनाचा गाभा भरायला वर्षानुवर्षं लागतात.

नव्वदीनंतर डिओडरंट आले, बारमाही आणि बेऋतू. हळदीकुंकू शनिवार-रविवारवर सरकलं, अत्तरदाणी शोकेसमध्ये गेली. त्याची हळहळ मी बेतानेच करतो. त्या समारंभाला विधवांना बोलावत नसत; अत्तराची ती रेघही त्यांना वर्ज्यच.

गंमत म्हणजे आपल्याकडे बायकांच्या हातावर लागणारा वाळा पाश्चात्त्य बाजारात मुख्यतः पुरुषांच्या बाटलीत शिरला, आणि तिथून आता आपल्या मॉलमध्ये परतलाय. हिन्याला असा वळसा मिळाला नाही. तो अजून मोहम्मद अली रोडसारख्या ठिकाणी, छोट्या कुप्यांतच भेटतो.

आज दोन्ही घ्यायचे तर वाळा फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत, ऑफिसातही बिनधास्त वापरावा. हिना डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी, गाण्याच्या मैफलीला, तोही अंगाला नाही, शालीच्या पदराला. कुपीची काडी एकदाच टेकवायची. दुसऱ्यांदा टेकवली तर शेजारचा खुर्ची बदलेल.