तीन पानांचा फॉर्म आणि एंटरची कळ

दुकानासाठी नवे सॉफ्टवेअर घेताना आपण किंमत विचारतो, बिल कसे छापले जाते ते पाहतो, स्टॉकचा रिपोर्ट मागतो. की-बोर्डवरून फॉर्म कसा भरला जाईल, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. त्याची किंमत पहिल्या तिमाहीतच मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या हार्डवेअरच्या घाऊक दुकानासाठी एका ओळखीच्या प्रोग्रामरकडून आम्ही नवीन प्रोग्राम करून घेतला. पार्टीचे खाते उघडण्याचा फॉर्म तीन पानांचा होता. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन. दुसऱ्यावर राज्य, पॅन आणि जीएसटी नंबर. तिसऱ्यावर उधारीची मर्यादा आणि मुदत. दिसायला फॉर्म देखणा होता. आमच्या मुनीमजींची वीस वर्षांची सवय अशी की एक रकाना भरला की एंटर मारायचा. नव्या प्रोग्राममध्ये एंटरचा अर्थ 'ओके' होता. नाव लिहून एंटर मारला की खाते जतन व्हायचे आणि पडदा बंद. मुनीमजींना वाटले, बाकीची माहिती मागाहून विचारत असेल. तीस-पस्तीस पार्ट्यांची खाती अशी अर्धवट उघडली गेली आणि त्यांची बिलेही निघाली.

बिलावर खरेदीदाराचा जीएसटी नंबर नसला की तो माल रिटर्नमध्ये बिगर-नोंदणीकृत गिऱ्हाइकाला विकल्यासारखा दिसतो आणि समोरच्या व्यापाऱ्याच्या खात्यात कराची वजावट येत नाही. फोन सुरू झाले. मुनीमजींना विचारले तर ते म्हणाले, "शेठ, मी तर फक्त एंटर मारला." ते खरेच बोलत होते.

चूक नेमकी कोठे होती, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डॉसच्या काळातील क्लिपर, फॉक्सप्रो यांत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एंटर मारला की कर्सर पुढच्या रकान्यात जात असे. टॅलीनेही हीच रीत ठेवली. तेथे एंटरने पुढे, बॅकस्पेसने मागे, शेवटी स्वीकारायचे का असा प्रश्न, आणि मधूनच जतन करायचे तर कंट्रोल आणि ए. दुसरीकडे, आयबीएमने १९८७ मध्ये पडद्यावरील कामकाजाचे जे समान नियम आखले, त्यांची छाप विंडोजवर पडली. विंडोजच्या रिवाजाप्रमाणे रकाना बदलायला टॅब, मागे यायला शिफ्ट-टॅब, एंटर म्हणजे मुख्य बटण दाबणे आणि एस्केप म्हणजे रद्द. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण होते ते एकीत मुरलेला हात दुसरीच्या फॉर्मवर बसवला तेव्हा.

आम्ही एंटरच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण केवळ सवय नव्हे. की-बोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा जो चौकोन असतो, त्यात मोठी एंटरची कळ असते, टॅबची नसते. टॅब आहे अगदी डाव्या टोकाला. ज्याचा उजवा हात आकड्यांवर आणि डावा हात चलनाच्या गठ्ठ्यावर आहे, त्याला प्रत्येक रकान्यानंतर टॅबसाठी हात हलवायला लावणे म्हणजे दिवसातून शेकडो वेळा कागदावरची जागा हरवायला लावणे. माऊस तर त्याहून दूर.

म्हणून प्रोग्रामरला आम्ही सांगितले की एंटरने पुढचा रकाना आणि टॅबनेही पुढचाच रकाना, म्हणजे विंडोजवर शिकलेल्या नव्या मुलालाही अडचण नको. पानाच्या शेवटच्या रकान्यात एंटर मारला की पुढचे पान आपोआप उघडावे आणि कर्सर त्याच्या पहिल्या रकान्यात उभा राहावा. आमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये पान उघडायचे, पण कर्सर कोठेच नसायचा. मग माऊस धरा आणि टिचकी मारा. अखेरच्या पानानंतरच 'जतन करायचे का?' हा प्रश्न यावा. तेथे साधा एंटर चालू नये, वेगळी कळ दाबावी लागावी, कारण एंटर मारत आलेला हात प्रश्न न वाचताच आणखी एक एंटर मारतो. टॅलीत त्या प्रश्नाला एंटर चालतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आमचे मत असे.

पाने मागे-पुढे करण्यासाठी कंट्रोल-पेज अप आणि कंट्रोल-पेज डाऊन ठेवावे. विंडोजमध्ये कंट्रोल-टॅबनेही पाने बदलतात, पण मालाची यादी भरण्याच्या तक्त्यातून बाहेर पडायलाही पुष्कळदा हीच जोडी लागते, आणि मग एक कळ दोन मालकांची चाकरी करते. शेरा लिहिण्याच्या मोठ्या चौकटीत एंटरने नवी ओळ येते, हे वेगळेच. ती चौकट आम्ही फॉर्मच्या अगदी शेवटी नेली.

आता रकान्यांचा क्रम. प्रोग्राम बनवण्याच्या बऱ्याच साधनांत, जुन्या व्हिज्युअल बेसिकपासून, रकाने ज्या क्रमाने पडद्यावर मांडले त्याच क्रमाने कर्सर फिरतो. प्रोग्रामरने मागाहून मध्येच एक रकाना घातला की कर्सर नावावरून फोनवर, फोनवरून सगळ्यात खाली आणि तेथून परत वर, अशा उड्या मारतो. क्रम बदलायची सोय असते, फक्त कोणीतरी तो बदलायला हवा. तो कागदाप्रमाणे असावा. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. मग राज्य आणि पॅन आधी विचारून नंबर नंतर का घ्यायचा? नंबर आधी घेतला की बाकीचे दोन रकाने आपोआप भरतात. आमचे दोन रकाने असे वाचले.

आमच्या प्रोग्रामरने उत्साहाने आणखी एक सोय केली होती. पंधरावे अक्षर पडताच कर्सर आपणहून पुढे जायचा. मुनीमजी सवयीने एंटर मारायचेच, आणि एक रकाना कोरा सुटायचा. ही सोय आम्ही काढून टाकायला लावली.

चूक दाखवण्याची रीतही पाहून घ्यावी. तिसऱ्या पानावर असताना 'माहिती अपूर्ण आहे' एवढेच सांगून प्रोग्राम गप्प बसत असेल तर माणूस शोधणार कोठे? चूक ज्या पानावर, ज्या रकान्यात आहे, ते पान उघडून कर्सर तेथेच न्यावा, आणि भरलेले काहीही पुसू नये. मागच्या पानावर गेल्यानेही काही पुसता कामा नये. एस्केप दाबला तर आधी विचारावे. तीन पाने भरून झाल्यावर एका चुकीच्या कळेने सगळे गेले, तर दुसऱ्यांदा तो माणूस जितके सक्तीचे तितकेच भरील.

मराठी पडदा हवा असणाऱ्यांसाठी एक अडचण सांगून ठेवतो. विंडोजमध्ये बटणावरच्या एका अक्षराखाली रेघ असते आणि आल्टबरोबर ते अक्षर दाबले की बटण दाबले जाते. बटणावर 'जतन करा' लिहिले तर रेघ कोणत्या अक्षराखाली द्यायची? की-बोर्ड कधी मराठीवर असतो, कधी इंग्रजीवर. जपानी विंडोजमध्ये जपानी शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर देतात. आम्हाला एफ-१ ते एफ-१२ या कळा अधिक सोयीच्या वाटल्या. भाषा कोणतीही असो, त्या तेथेच असतात. कोणती कळ कशाला, हे पडद्याच्या तळाशी कायम लिहिलेले असावे.

प्रोग्राम पसंत करण्यापूर्वी माऊसची वायर काढून घ्या आणि जो माणूस रोज एंट्री करणार आहे त्यालाच दहा खऱ्या पार्ट्यांची खाती उघडायला बसवा. मालकाने किंवा प्रोग्रामरने बसू नये. प्रोग्रामरचा हात आपणच बांधलेल्या वाटेने जातो. तुम्ही मागे उभे राहून फक्त त्याची नजर पाहा. कागदावरून पडद्याकडे ती जेथे जेथे दचकून वळते, तो रकाना लिहून घ्या. आमच्या वेळी असे सात रकाने निघाले. दुरुस्तीला प्रोग्रामरला दोन दिवस लागले. जुन्या बिलांची रिटर्नमधील दुरुस्ती मात्र पुढचे दोन महिने चालली होती.