कणकेचा गोळा आणि डीजेचा दणका

उसाचा सीझन सुरू झाला की आमच्या काष्टीत ट्रॅक्टरवरच्या गाण्यांना ऊत येतो. लग्नसराईत तर डीजे असतोच. दारं-खिडक्या लावल्या तरी ती धडधड घरात येतेच. मांडणीतली भांडी थरथरतात, पाळण्यातलं बाळ दचकून उठतं, सासूबाई छातीवर हात ठेवून बसतात.

भिंती एवढ्या जाड, तरी असं का? खर्जातल्या आवाजाची लाट लांबलचक असते. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे आपल्या खोलीएवढी. तिला अडवायला भिंत फार जड लागते. वजन दुप्पट केलं तरी आवाज साधारण ६ डेसिबलनंच घटतो.

आता भजनातला पखवाज आठवा. वादक डाव्या बाजूला कणीक थापतो. त्या वजनानं कातडं सावकाश हलतं आणि आवाज खोल येतो. तबल्याच्या शाईनं सूर कसा जुळतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं होतं.

हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली असंच काहीसं केलं. ताणलेल्या पातळ रबरी पडद्याच्या मधोमध छोटंसं वजन बसवलं. ठराविक आवाज आला की वजन एकीकडे आणि भोवतालचा पडदा उलट दिशेला हलतो. दोघांची बेरीज शून्य, म्हणून आवाज पलीकडे जातच नाही! अशा रचनांना ‘मेटामटेरियल’ म्हणतात. वस्तू कशाची बनवली यापेक्षा ती कशी रचली, याला इथे महत्त्व. मात्र एक पडदा ठराविक सुरांनाच अडवतो. डीजेत सतरा सूर, म्हणून वेगवेगळ्या वजनांचे पडदे एकावर एक लावावे लागतात.

मैत्रिणींनो, असे पडदे आपल्या घरी येतील तेव्हा येतील. कायदा मात्र आजही हाताशी आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. तक्रारीसाठी ११२ नंबर आहे.

एकटीनं बोलायला भीती वाटते, हे खरं. म्हणून बचत गटातल्या दहाजणींनी मिळून हळदीच्या आदल्या दिवशीच लग्नघरी जावं. शेजारी बाळंतीण आहे, म्हातारं माणूस आहे, एवढं गोडीनं सांगावं. भांडण वरात दारात आल्यावर होतं, आदल्या दिवशी नाही.