कशाभिका आणि काळी माती

बहात्तर म्हटले की परभणीकरांना दुष्काळातले खडी फोडणे आणि सुकडी आठवते. त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला, इथे कृषी विद्यापीठ सुरू झाले. आणि त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राउन यांनी एकेका जिवाणूचा माग काढून तो पोहतो कसा हे दाखवले. सेकंदभर सरळ धाव, क्षणभर गटांगळी, की नवी दिशा. अन्नाकडे चालला असेल तर धाव लांबते. वाट त्याला ठाऊक नसते. मघापेक्षा बरे चालले आहे की नाही, एवढेच उमगते.

पण जिवाणूची पोहण्याची शेपटी, म्हणजे कशाभिका, वळवळते की फिरते? याचा उलगडा १९७४ च्या प्रयोगाने झाला. मला तो फार आवडतो. सिल्व्हरमन आणि सायमन या संशोधकांनी कशाभिका काचेला जखडली, तर अख्खा जिवाणूच तिच्याभोवती गरगरू लागला! बुडाशी खरीखुरी मोटर होती, प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी, सेकंदाला शेकडो फेरे घेणारी.

पुढे मराठवाड्यात सोयाबीन पसरले आणि त्याच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू महत्त्वाचा ठरला. याच्याकडे दोन तऱ्हांच्या कशाभिका असतात: एक जाड, टोकाजवळची, बाकी बारीक, अंगावरच्या. मुळांतून झिरपणाऱ्या रसायनांच्या ओढीने तो मुळाकडे सरकतो. गाठीत शिरल्यावर मात्र कशाभिका टाकून देतो आणि हवेतला नत्र बांधायला बसतो.

एवढे इंजिन असूनही शेतात त्याची मजल फार तोकडी. पोहायला मातीच्या कणांवर पाण्याचा थर हवा. काळी माती वाळून भेगाळली की मोटर असून नसल्यासारखीच. ओलीतही स्वतःच्या बळावर तो फार तर काही सेंटीमीटर जातो, लांब नेते ते मुरणारे पाणी. म्हणून प्रयोगशाळेतला पोहणारा पाहून भारावलेल्यांपेक्षा बियाण्यालाच जिवाणू चोळायला सांगणारे मला जास्त व्यवहारी वाटतात. जिवाणूलाच मुळाच्या दारात नेऊन ठेवायचे!

पूर्वी त्यासाठी पावशेराचे पाकीट आणि गुळाचे पाणी असे, आता द्रवरूप संवर्धकही मिळते. क्रम तोच: बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, बियाणे सावलीत सुकवायचे, आणि पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच.