साठीनंतरची मोटरसायकल: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

नोकरीच्या दप्तरातून नाव कमी झाले, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हाती पडला आणि मुलाबाळांची जबाबदारी बहुतांशी उतरली, की आयुष्यभर मनात जपलेली दूरच्या प्रवासाची आकांक्षा पुष्कळांच्या ठिकाणी नव्याने जागी होते. आणि तो प्रवास मोटरसायकलीवरून करावयाचा असेल, तर घरच्या मंडळींपासून शोरूममधल्या विक्रेत्यापर्यंत जो तो काहीतरी सल्ला देऊ लागतो. हे सल्ले बहुधा सद्भावनेचेच असतात; परंतु त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी चुकीची गृहीतके असल्यामुळे कुणी जन्मभराची हौस अकारण सोडून देतो, तर कुणी न पेलणारी गाडी घरी आणून तिच्याविषयी मनात धास्ती बाळगतो.

वयाचा समज प्रथम पाहू. साठीनंतर परवानाच मिळत नाही, असे ठामपणे सांगणारे लोक आजही भेटतात. मोटार वाहन कायद्यात परवान्यासाठी कमाल वयोमर्यादा घातलेली नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराला एका वेळी पाच वर्षांच्या मुदतीचा परवाना मिळतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी विहित नमुन्यातील वैद्यकीय दाखला जोडावा लागतो, एवढीच तरतूद आहे. टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराने 1973 साली मोटरसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला आरंभ केला, आणि 2001 मध्ये, वयाची सत्तरी उंबरठ्यावर आली असता, तोच प्रवास पुन्हा करण्यास तो निघाला. वय हा अडथळा खरा. पण तो नेमका कोठे आडवा येतो हे समजून घेतल्याशिवाय वाहनाची निवड करणे योग्य नव्हे.

दूरच्या प्रवासाला मोठे इंजिन आणि जड गाडीच हवी, हा समज सर्वांत दृढमूल आहे आणि माझ्या मते सर्वांत घातकही. जड गाडी वाऱ्याच्या झोतात अथवा शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या हबक्यात कमी हलते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेगातले स्थैर्य केवळ वजनातून येत नाही. दोन चाकांमधले अंतर, पुढच्या काट्याचा कल आणि टायरांची अवस्था यांचा त्यात फार मोठा वाटा असतो. शिवाय पडण्याचे पुष्कळसे प्रसंग ओढवतात ते गाडी थांबलेली असताना किंवा पायी चालण्याच्या वेगाने सरकत असताना: पेट्रोलपंपावर वळवताना, धाब्याच्या उतरत्या खडीवर उभी करताना, घाटातल्या वळणावर समोरून एस.टी. आल्यामुळे एकाएकी थांबावे लागले असताना. अशा क्षणी इंजिनाची शक्ती उपयोगी पडत नाही. तेथे लागते ती स्वाराच्या मांड्यांची आणि कमरेची शक्ती, आणि वयोमानानुसार स्नायू क्षीण होत जातात हे शरीरशास्त्राचे सत्य आहे. आजच्या साडेतीनशे सी.सी.च्या बहुतेक गाड्या 180 ते 195 किलोंच्या आसपास भरतात, हीरोची एक्सपल्स 200 साधारण 160 किलोंची आहे, आणि गावोगाव दिसणारी स्प्लेंडर सुमारे 112 किलोंची. त्यांत प्रवासाच्या सामानाचे पंधरा-वीस किलो मिळवले, म्हणजे उताराच्या जागेवरून गाडी एकट्याने मागे घेणे हे कोणत्या प्रतीचे काम आहे याची कल्पना येईल.

मात्र केवळ किलोंचा आकडा पाहूनही भागत नाही. डोक्यावरची घागर आणि कडेवरची घागर यांचे वजन एकच असले, तरी तोल सांभाळण्याचे श्रम निराळे असतात; त्याचप्रमाणे ज्या गाडीचा भार उंचावर साठलेला आहे ती थोडीशी कलताच सावरणे कठीण होते. आसनाच्या उंचीचाही येथेच विचार करावा लागतो. एक्सपल्सचे आसन जमिनीपासून सुमारे 825 मिलिमीटर उंच आहे, रॉयल एन्फील्डच्या मीटिऑरचे 765, आणि बजाजच्या अ‍ॅव्हेंजरचे त्याहूनही खाली. म्हणजे वजनाने हलकी गाडी उंच निघते आणि बुटकी गाडी जड निघते, अशी अडचण वारंवार उभी राहते. म्हणून कागदावरच्या तपशिलावर विसंबून न राहता, प्रवासात घालावयाचे बूट आणि हेल्मेट चढवून, दोन्ही पावले जमिनीला कितपत टेकतात, किंचित चढावर गाडी मागे ढकलता येते काय आणि मेन स्टँडवर ती विनासायास चढते काय, ही परीक्षा घ्यावी. विक्रेत्याला घाई असली तरी आपण ती करू नये.

मोठ्या वेगाचा युक्तिवाद तर महाराष्ट्रापुरता आपोआपच गळून पडतो, कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या दोहोंवर दुचाकींना मनाई आहे. उरतात ते जुने महामार्ग, घाट आणि कोकणचा सागरी रस्ता; वेश्वी ते बागमांडला किंवा दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोटीने खाडी ओलांडावयाची असेल, तेथे दिवसाच्या मजलेचा हिशेब किलोमीटरांत मांडणेच व्यर्थ. वेगाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते. प्रतिसादाला केवळ अर्धा सेकंद विलंब झाला तरी ब्रेक लागण्यापूर्वी अकरा मीटर रस्ता संपलेला असतो, आणि पुढे प्रत्यक्ष थांबण्यास लागणारे अंतर ताशी साठच्या मानाने पावणेदोनपटीहून अधिक होते. एबीएस या विलंबाची भरपाई करीत नाही. चाक अडकू न देणे आणि त्यायोगे गाडीची दिशा स्वाराच्या हाती ठेवणे हे त्याचे काम. सुट्या खडीवर तर त्याच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते. तरीही एबीएस असलेलीच गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाय पुढे सोडून आरामखुर्चीसारखे बसता येणारी ‘क्रूझर’ ही वडीलधाऱ्यांसाठी सर्वांत सुखाची, ही समजूतही सर्वत्र आढळते. सपाट रस्त्यावर तिच्यात तथ्य आहे. परंतु त्या बैठकीत शरीराचा जवळजवळ सर्व भार माकडहाडावर येतो, आणि खड्डा दिसताच पावलांवर जोर देऊन आसनावरून किंचित उठावे म्हटले, तर पाय पुढे असल्यामुळे ते साधत नाही. सबब प्रत्येक धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो. पाय नितंबांच्या जवळजवळ खाली येणारी ताठ बैठक आणि मऊ वाटणाऱ्या आसनाऐवजी किंचित टणक आसन हेच लांबच्या पल्ल्याला बरे, कारण मऊ फोम तासाभरात दबून जातो आणि हाडांवर दाब येऊ लागतो.

तरुणपणी बुलेट चालवली आहे, तेव्हा नव्याने काय शिकावयाचे, असे अभिमानाने म्हणणारे गृहस्थ आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या अनुभवाविषयी आदर राखूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या बुलेटचे गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी होता. आजच्या गाड्यांत ही रचना नेमकी उलट आहे, आणि संकटाच्या क्षणी पाय विचाराच्या आज्ञेची वाट न पाहता जुन्या सवयीप्रमाणे हालचाल करू शकतो. मोकळ्या मैदानावर काही दिवस नियमाने सराव केल्याखेरीज घाटात जाऊ नये.

शरीराच्या तक्रारींविषयी थोडे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, आणि वारंवार लघवीस थांबावे लागेल या संकोचाने कित्येकजण मुद्दाम पाणी पीत नाहीत. उन्हातल्या प्रवासात ही गोष्ट धोक्याची आहे, तेव्हा वाटेतले थांबे आधीच ठरवून ठेवावेत. मोतीबिंदूच्या आरंभी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, याचीही चौकशी डॉक्टरांकडे निघण्यापूर्वीच करावी.

शेवटी लडाखविषयी, कारण निवृत्तांच्या मनोराज्यात त्याचे स्थान पहिले. तेथे मोठेच इंजिन लागते असे म्हणतात. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, आणि त्या प्रमाणात लहान-मोठ्या सर्वच इंजिनांची शक्ती घटते. फ्युएल इंजेक्शनमुळे पेट्रोलचे प्रमाण योग्य राहते, पण हवेत नसलेला प्राणवायू त्याला आणता येत नाही. तरीही रस्त्याचे स्वरूप असे आहे की लहान गाड्यादेखील तेथवर जातात. जपायचे ते स्वाराला: विरळ हवेचा त्रास व्यायाम करणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही होतो, आणि वाढत्या वयात तो हमखास अधिक होतो असेही नाही, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असल्यास मात्र वैद्यकीय अनुमतीवाचून जाऊच नये. तो त्रास मुख्यतः किती वेगाने वर चढलो आणि रात्री कोणत्या उंचीवर झोपलो यावर ठरतो. मनालीकडून जाणारा दुसऱ्याच रात्री सरचूला, म्हणजे चार हजार मीटरांच्याही वर, मुक्कामास पडण्याचा संभव असतो; उलट श्रीनगर सुमारे 1,600 मीटरांवर आणि कारगिल 2,700 मीटरांच्या आत असल्यामुळे त्या वाटेने शरीराला टप्प्याटप्प्याने सवय होत जाते. म्हणून गाडी रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून, टाकी रिकामी करून, जम्मूस पाठवावी, तेथून श्रीनगरमार्गे लेहला जावे, आणि मनालीचा रस्ता परतीसाठी राखून ठेवावा.