घरीं घडविलेला मोजणारा हात

वाचकांनीं क्षणभर हा अंक मांडीवर ठेवावा, डोळे मिटावे आणि उजव्या हाताचें बोट नाकाच्या शेंड्याला लावून पाहावें. बोट चुकत नाहीं. खांदा किती वळला, कोपर किती दुमडलें, मनगट किती वांकलें, याची वर्दी डोळ्यांच्या साह्यावांचूनच मेंदूला पोंचते. आणि हाडांची लांबी तर त्याला पाठच असते. लांबी व कोन हीं दोन कळलीं कीं बोट कोठें आहे तें कळलें. आमच्या गॅलरींत गेल्या वर्षीं जें यंत्र जन्मास आलें, त्याचें सारें मर्म एवढेंच आहे.

यंत्राचें निमित्त मात्र तंबोऱ्याचें होतें. आमच्या कै. आत्याबाईंचा मिरजेचा तंबोरा कित्येक वर्षें गवसणी घालून दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत उभा असे. आमची भाची टोरोंटोस राहते. तिनें गाण्याचा अभ्यास नेटानें चालविला आहे, आणि तंबोरा तिलाच द्यावा असें आत्याबाई सांगून गेल्या. अडचण होती भोपळ्याची. पूर्वीं एका प्रवासांत तो तडकला होता. मिरजेच्या कारागिरानें तो सांधला खरा, पण सांधतांना बजावलें होतें कीं, दुसरा धक्का बसल्यास सांधण्यासारखें कांहीं उरणार नाहीं. तेव्हां विमानानें पाठवावयाचा तर भोपळ्याच्या नेमक्या आकाराची फोमची गादी पेटींत हवी होती, म्हणजे भार सांध्यावर न पडतां सर्वत्र सारखा पडेल. पण तो आकार घ्यावयाचा कसा? पंढरपूरच्या बाजूला वेलीवर वाढलेल्या फळाला भूमितीचें सूत्र कोठून असणार! कॅलिपरनें जाडी मिळते, फुगवटा मिळत नाहीं.

वस्तु संगणकांत उतरविण्याची ही हौस नवी नव्हे. इ. स. १९७२ मध्यें अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्या पत्नीची फोक्सवॅगन मोटार उभी केली, तिच्या पत्र्यावर रेघा आंखल्या आणि काठ्यांनीं एकेक बिंदु मोजून ती मोटार संगणकाच्या स्वाधीन केली. सांध्यासांध्यांचे मोजणारे हात पुढें कारखान्यांतून रूढ झाले. आजहि ते विकत मिळतात. पण त्यांची किंमत लाखांच्या घरांत असते, आणि एका भोपळ्यासाठीं तो खर्च घरांत कोणी मान्य केला नसता.

आम्हीं ३०० मिलिमीटर लांबीच्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या. तळाशीं गरगर फिरणारी बैठक, मग खांदा, कोपर आणि मनगटाचे दोन सांधे, असे पांच सांधे योजिले. एक बिंदु गांठण्यास तीनच पुरतात. पण भोपळ्याच्या पाठीमागें वळून जाण्यास मनगट पाहिजेच. प्रत्येक सांध्यांत दोन बेअरिंगें, तींहि एकमेकांपासून शक्य तितकीं दूर बसविलीं. एकाच बेअरिंगवर भिस्त ठेवली कीं सांधा लुकलुकतो आणि पुढचें सारें गणित व्यर्थ जातें. सांध्यांचीं घरें चिरंजीवांनीं त्रिमित छपाईनें काढलीं. त्यांतलें एक एप्रिलच्या दुपारीं बंद मोटारींत राहिलें आणि साठ अंशांच्या आसपास मऊ पडणाऱ्या त्या प्लॅस्टिकनें आपला आकार सोडला. तें पुन्हां छापावें लागलें.

कोन मोजण्यासाठीं प्रथम आम्हीं काटकसर केली. रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी कळ असते ना, तसलेच पांच पोटेन्शिओमीटर सांध्यांना जोडले. गणित आधीं करावयास हवें होतें, तें मागाहून केलें. तीनशें अंशांच्या फेऱ्याचे १०२४ भाग केले तर एक भाग जवळजवळ ०.३ अंशाचा होतो, आणि ६०० मिलिमीटर पसरलेल्या हाताच्या टोकाशीं तेवढ्यानें ३ मिलिमीटरांचा फरक पडतो. भोपळ्यावर तीन मिलिमीटर म्हणजे थट्टा झाली! शेवटीं प्रत्येक आंसाच्या टोकाला लहानसें चुंबक चिकटवून, समोर त्याचें फिरणें ओळखणारी चिप बसविली. ती पूर्ण फेऱ्याचे १६,३८४ भाग करते. त्याच अंतरावर चूक पाव मिलिमीटराच्याहि खालीं येते. मात्र चुंबक आंसाच्या मध्यावर नसेल तर कोन कोठें पुढें तर कोठें मागें दिसतो. दोन चुंबकें आम्हांला उखडून पुन्हां लावावीं लागलीं.

तथापि खरी मौज पुढेंच आहे. नळी ३०० मिलिमीटरांची म्हणून कापली, तरी एका आंसापासून दुसऱ्या आंसापर्यंतचें अंतर नेमकें किती, हें कोणी सांगावें? यावर तोड अशी कीं, लोखंडी पट्टीवर शंकूच्या आकाराचा खळगा पाडावा, हाताच्या टोकाची गोळी त्यांत टेकवावी आणि टोक न हलवितां कोपर-मनगट हवें तसें फिरवावें. टोक एकाच ठिकाणीं असल्यानें प्रत्येक वेळीं उत्तर एकच यावें. आमचीं उत्तरें मुंग्यांच्या थव्यासारखीं पसरलीं होतीं. लांबी आणि कोन थोडेथोडे बदलीत तो थवा आंखडून घेण्याचें काम संगणक करतो. त्यासाठीं जी न्यूनतम वर्गांची रीत वापरतात, ती लजांद्र या फ्रेंच गणित्यानें १८०५ सालीं प्रसिद्ध केली होती. थवा झपाट्यानें आंखडला. आम्हीं पेढे वांटण्याच्या बेतांत होतों.

तोंच आमच्या सौ.नीं स्वयंपाकघरांतलें लाटणें पुढें केलें. लाटणें ३२० मिलिमीटरांचें. यंत्र ३०० सांगूं लागलें! शोध घेतां संगणकानें आमच्या नळ्या ३०० च्या २८१ केल्याचें आढळलें. त्यांत त्याचा दोष नव्हता. हात जितका आंखूड मानावा तितका थवा लहान दिसणार. हात शून्य लांबीचा मानला तर थवा एका बिंदूंतच मावेल. एका खळग्यानें मापाची जात कळते, मोजमाप कळत नाहीं. म्हणून पट्टीवर नेमक्या २५० मिलिमीटरांवर दुसरा खळगा पाडला आणि हें अंतर खरें यावें अशी अट घातली. मग लाटणेंहि अर्ध्या मिलिमीटराच्या आंत खरें उतरलें.

भोपळा वाळूच्या पिशवीवर निजवून त्यावर कागदाच्या तीन टिकल्या लावल्या. एका बाजूचे बिंदु झाल्यावर भोपळा वळवावयाचा, त्याच तीन टिकल्या पुन्हां मोजावयाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची सांगड बसते. आमच्या बोटांनीं सातशेंवर बिंदु घेतले. सांध्याजवळ हात टेकवितांना श्वास आपोआप रोखला जाई. टोकाची गोळी ३ मिलिमीटर व्यासाची आणि यंत्र तिच्या मध्याचा हिशेब सांगतें, म्हणून चित्रांतला भोपळा सर्वत्र दीड मिलिमीटर जाड आला. ती जाडी आम्हीं मुद्दाम काढली नाहीं. गवसणीला तेवढी जागा लागणारच होती.

भोपळा झाल्यावर घोडीहि मोजावी, म्हणजे जवारीचा आकार कायमचा जपतां येईल, असा मोह चिरंजीवांना झाला. आम्हीं नको म्हटलें. जवारी कारागिराच्या कानसीनें आणि कानानें लागते. तिथला उतार आमच्या हाताच्या चुकीपेक्षांहि बारीक असतो.

गादी भोसरीच्या एका कारखान्यांत कोरून घेतली. भोपळा तींत ठेवला तेव्हां एका बाजूनें किंचित् फट दिसली, तेथें लोकरीची पट्टी लावली. तारा सैल करून पेटी निघाली आणि पुढचे दहा दिवस घरांत तंबोऱ्याचा विषय कोणी काढला नाहीं. अकराव्या रात्रीं फोन आला. भाचीनें आधीं सांधा दाखविला. तो जसाच्या तसा होता. मग तारा चढवून तिनें तंबोरा छेडला. पंचमाची तार किंचित् उतरलेली होती. तेवढें आम्हीं तिला सांगितलें.