लंबवर्तुळाकार चेनव्हील आणि बिनगिअरची सायकल



गेल्या महिन्यांत माझा पुतण्या आपली बिनगिअरची सायकल घेऊन आला. तिचें पुढचें चेनव्हील वांकडें दिसलें म्हणून मीं हळहळ व्यक्त केली, तेव्हां तो हंसला. तें मुद्दाम लंबवर्तुळाकार घडविलेलें होतें. "काका, चढाला बरें पडतें," असें त्याचें म्हणणें. तें कितपत खरें, हें आज पाहूं.

पायडल मारतांना जोर सर्वत्र सारखा लागत नाहीं. क्रँक आडवी असतां तो पुरा लागतो. एक पाय अगदीं वर व दुसरा अगदीं खालीं असतां जवळजवळ वायां जातो. सपाटीवर वेगाच्या भरांत ही जागा कळतही नाहीं. चढावर मात्र सायकल नेमकी तेथेंच अडखळते, आणि गिअर नसल्यामुळें स्वाराला दुसरी सुटका नसते.

आतां समजा, चेनव्हीलला ३२ दाते आहेत. क्रँक आडवी असतां तें सुमारें ३४ दात्यांच्या गोल चाकासारखें वागेल, उभी असतां ३० दात्यांच्या. पाय बळकट तेथें ओझें अधिक, दुबळा तेथें कमी. परंतु एका फेऱ्यांत साखळीचे दुवे ३२च ओढले जातात. फुकटचें अंतर एक इंचही मिळत नाहीं. प्रयोगशाळेंतील मोजमापांतूनही शक्ति निश्चित वाढते असें ठरलेलें नाहीं. ब्रॅडली विगिन्स यानें २०१२ ची टूर द फ्रान्स असल्या चाकावर जिंकली खरी. पण गोल चाकावर ती जिंकणारे कितीतरी अधिक आहेत! मिळतो तो समतोल, आणि सावकाश चढतांना तोही कांहीं कमी नव्हे.

मात्र चाक बसविण्याची दिशा महत्त्वाची. १९८३ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें काढलेल्या 'बायोपेस' चाकांत ही योजना बरीचशी उलट होती, म्हणजे जोराच्या वेळीं व्यास लहान. तीं चाकें पुढें मागें पडलीं.

मोठा आक्षेप साखळीचा. गिअरच्या सायकलींत सैल साखळी ओढून धरणारी स्प्रिंग असते, येथें ती नाहीं. मग साखळी क्षणांत ताठ, क्षणांत ढिली होऊन उतरणार नाहीं काय? मलाही तसेंच वाटलें होतें. परंतु लंबवर्तुळाचे समोरासमोरचे भाग सारखेच असतात. साखळी नेहमीं सुमारें अर्ध्या परिघाला कवळते, आणि वरची बाजू जितकी लांबते तितकी खालची आखडते. पुढचें चाक मागच्यापेक्षां मोठें असल्यामुळें थोडा फरक उरतो, इतकेंच. अमेरिकेंतील प्रसिद्ध सायकल-कारागीर शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) हे तर बायोपेस चाक लावून बिनगिअरची सायकल चालवीत.

पुतण्याची साखळी मात्र एकदां उतरली होती. त्यानें ती ढिल्या जागीं क्रँक ठेवून ताणली होती. क्रँक सावकाश फिरवून साखळी सर्वांत ताठ कोठें होते तें शोधावें, तेथें किंचित् ढील ठेवावी, आणि मगच मागच्या आंसाचे नट आवळावे.