हिरड्यांचे आरोग्य आणि त्रिफळा

दात घासताना रक्त आले की बहुतेक जण ब्रशला दोष देतात. वस्तुतः ती बहुधा हिरड्यांच्या दाहाची पहिली खूण असते. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींचे दात घासणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि स्वच्छता सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. रोगाचे मूळ दातांवरील जिवाणूंच्या थरात आहे, हे त्यातून दिसले.

या थरावर क्लोरहेक्सिडिनची चूळ प्रभावी ठरते. परंतु दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बदलते. म्हणून भारतातील दंतवैद्यांनी हिरडा, बेहडा व आवळा यांच्या त्रिफळा काढ्याची तिच्याशी तुलना केली. रुग्णांचे गट पाडून काही आठवडे चुळा भरावयास दिल्या व आधी-नंतर थर आणि दाह मोजला. काही चाचण्यांत त्रिफळा जवळपास तितकाच गुणकारी ठरला. मात्र रुग्ण थोडे व अवधी अल्प होता.

दातांवर घट्ट बसलेले कीटण चुळीने निघत नाही. ते दंतवैद्यानेच काढावे लागते. काढा केवळ पूरक होय. त्यात मध, मद्यार्क वा कंदमूळ नसल्याने जैन घरांत तो चालतो. तयार बाटलीवरील घटक मात्र वाचावेत. चौविहार करणाऱ्यांनी चूळ सूर्यास्तापूर्वीच भरावी. हा रोग बहुधा वेदना न देता वाढतो व अखेर दात हलू लागतात. म्हणून रक्त दिसताच तपासणी करून घ्यावी.